१९८५ ची मारुती ८०० (एसएस८०), खालून गंजलेली: नवशिक्याने हात कुठून घालावा?

नवखा_पानेवाला

नमस्कार मंडळी. गाडी १९८५ ची मारुती ८००, पहिली चौकोनी, म्हणजे सुझुकीच्या आल्टो एसएस८० चं आपल्याकडचं रूप. ठिकाण रत्नागिरीजवळ, समुद्र सरळ रेषेत ३ किलोमीटरवर. सहा वर्षं आंब्याखाली उघड्या शेडमध्ये उभी. सध्याची अवस्था अशी:

ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक, शेजारच्या बाजूचा पत्रा दाबला की दबतो. बॅटरीचा ट्रे जवळपास उरलेलाच नाही. डाव्या दाराखालच्या पोकळ पेटीत (सिलमध्ये) स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला पोपडे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला धरतात तिथे गंजाच्या जाड खपल्या. इंजिन फिरत नाही. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो. पुढच्या काचेचं रबर दगड झालंय.

माझ्याकडे पान्ह्यांचा सेट, ४ इंची ग्राइंडर, ड्रिल आणि २ टनी जॅक आहे. वेल्डिंग येत नाही. इथला पत्रेकार म्हणतो, "खालून जीआय (जस्त चढवलेला) पत्रा मारू, वर डांबर, आठ दिवसांत गाडी घेऊन जा."

प्रश्न: हे बरोबर आहे का? आधी इंजिन की आधी पत्रा? यातलं मी स्वतः काय करावं आणि काय दुसऱ्याला द्यावं?

पत्रेकाम

आठ दिवसांचा बेत आधी रद्द करा.

सडक्या पत्र्यावर नवा पत्रा मारला की दोघांच्या मध्ये बारीक फट राहते. पाणी तिथे आपोआप ओढलं जातं आणि वाऱ्याने सुकत नाही. वर डांबर असल्यामुळे आत काय चाललंय ते दिसतही नाही. मग नवा पत्रा तर जातोच, पण ज्या जुन्या चांगल्या पत्र्याला तो जोडलाय तोही जातो. जीआयचं दुसरं दुखणं जस्ताचं. वेल्डिंगच्या आचेने जस्त जळतं, टाका स्पंजासारखा सच्छिद्र बसतो, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पॅचसाठी सीआर (कोल्ड-रोल्ड, बिनजस्ताचा) पत्राच घ्या. पायाखालच्या जमिनीला २० गेज (साधारण ०.९ मिमी), पाट्याच्या माउंटिंगसारख्या भार घेणाऱ्या जागेला १८ गेज (१.२ मिमी). ८ बाय ४ फुटांची २० गेजची शीट साधारण २१ किलोची असते, तुम्हाला अर्धी पुरेल.

एक गोष्ट नीट समजून घ्या: या गाडीला वेगळी चासी नाही. जमीन, दोन्ही सिल आणि पुढचे-मागचे चॅनेल मिळूनच चासी. त्यामुळे सिलला पडलेलं भोक दाराच्या पोपड्यांच्या रांगेत बसवू नका. दार गंजलं तर गाडी वाईट दिसते, सिल गेलं तर गाडी मधोमध वाकते.

पहिलं काम पाहणीचं, त्याला पूर्ण दोन दिवस द्या. सीट, कार्पेट, दाराच्या पट्ट्या बाहेर काढा. जमिनीवर चिकटवलेली डांबरी शीट हॉट एअर गनने जरा गरम करून पट्टीने खरवडा, राहिलेलं रॉकेलच्या फडक्याने पुसा. मग छोटी हातोडी घेऊन वीतभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा टण वाजतो, सडलेला थप्प. शंका असेल तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबा, संकोच करू नका. आज तुमच्या हाताने पडलेलं भोक उद्या रस्त्यावर पडण्यापेक्षा बरं. बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आधीच्या मालकाने लांबी (पुटी) भरलीय, आणि लांबीखाली बहुतेक वेळा भोकच निघतं.

मार्करने तीन खुणा करा. नुसता तांबूस थर असेल तर गोल. घासल्यावर खड्डे दिसले तर फुली. आरपार असेल किंवा पत्रा अर्ध्याहून पातळ झाला असेल तर चौकोन, तो कापायचा. कापताना गंजाच्या कडेपासून निदान २५ मिमी चांगल्या पत्र्यात शिरा. कडेशीच कापलं तर वेल्डिंग पातळ पत्र्यावर येतं, जाळतं, भोक मोठं होतं आणि तुम्ही त्याच्या मागे धावत राहता.

पाहणीत सगळ्यांत आधी या जागा: मागच्या पाट्यांच्या कड्या जिथे लटकतात, पुढच्या शॉकअपचं डोकं बोनेटखाली जिथे बसतं, पुढचा खालचा आर्म आणि स्टॅबिलायझर बारचे बोल्ट, सीटबेल्टचे बोल्ट, ब्रेक पेडलच्या मागची भिंत. पाट्याची जागा आणि शॉकअपचं डोकं दोन्हीकडे चौकोन आले, तर एकही पार्ट विकत घेऊ नका. आधी जाणत्या पत्रेकाराला गाडी खालून दाखवा. हे नवशिक्याचं काम नव्हे.

बॅटरीच्या जागी ॲसिड मुरलेलं असतं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ओता, फेस येणं थांबेपर्यंत. मग धुवा, वाळवा आणि ट्रेच्या खालचा चॅनेल तपासा. ट्रे काय, पन्नास ठिकाणी मिळेल. चॅनेल मिळत नाही.

कार्बो_कोल्हापूर

आधी इंजिन की आधी पत्रा हा वाद घालू नका भाऊ, इंजिनला आज रात्री औषध पाजा आणि उद्यापासून पत्रा बघा. दोन्ही एकत्र चालतं.

तिन्ही प्लग काढा. एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये २० मिली सोडा. ॲसिटोन उडून जातं आणि झटकन पेटतं, तेव्हा बाटली बंद ठेवा, विडी-काडी लांब. तीन दिवस थांबा, परत २० मिली, परत दोन दिवस. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटला लांब पान्हा लावा. एकदम जोर नाही, थोडं पुढे, थोडं मागे. केसभर हलला की काम झालं, त्या दिवशी तेवढंच. जाम इंजिनला स्टार्टर मारायचा नाही आणि गिअरमध्ये टाकून ढकलायची तर नाहीच. रिंग पिस्टनच्या खाचेत अडकलेल्या असतात, झटका बसला की तुटतात आणि सिलिंडरवर चरे पडतात.

मोकळं फिरायला लागलं की प्लगच्या भोकांवर फडकं धरून फिरवा, नाहीतर ते मिश्रण तोंडावर येतं. मग ऑइल आणि फिल्टर बदला, कारण निम्मं औषध झिरपून खाली चेंबरमध्ये गेलेलं असतं. टायमिंग बेल्ट वरून कितीही छान दिसू दे, नवा टाका. रबराला वय असतं, किलोमीटर नव्हे. कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा: आकडा किती येतो यापेक्षा तिन्ही सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको हे महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा वर गेला तर रिंग, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह. फायरिंग ऑर्डर १-३-२. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी काढण्याआधी त्यांना चिकटपट्टीने नंबर घाला.

पेट्रोलची टाकी खाली काढायचीच, एक तर आतला गंज आणि दुसरं म्हणजे वेल्डिंगची ठिणगी. टाकीत अडीच-तीन किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूफूल, पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. प्रमाण लिटरला १०० ग्रॅम. दिवसभर ठेवा, ओता, थोड्या पाण्यात दोन मीटर बारीक साखळी आत सोडून टाकी खुळखुळवा. मग सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, ब्लोअरने खडखडीत वाळवा आणि लगेच आतून तेल फिरवा. ओली ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत परत तांबडी. टाकीला भोक असेल तर दुसरी शोधा. "रिकामी आहे, मारा टाका" असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून लांब उभे राहा, कारण रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. १९८५ च्या रबराला इथेनॉलची सवय नाही. इंधनाचे सगळे नळ्या-पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची सुईची सीट इथेनॉल चालणाऱ्या रबराची घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यात कोकणातली हवा म्हणजे विचारूच नका.

ब्रेक विसरू नका. लोखंडी पाइपावर बोट फिरवा, खरखरीत लागलं तर बदला. बाहेरून खडबडीत दिसणारा पाइप पेडल जोरात दाबल्यावरच फुटतो, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा. मागचे व्हील सिलिंडर, होज, मास्टर सिलिंडरची किट सगळं नवं.

खारा_वारा

वरच्या दोन्ही उत्तरांत गंज कसा काढायचा ते आलं. पाणी कुठे मुरतंय ते कुणी विचारलं नाही. पायाखालचं भोक खालून उडालेल्या चिखलाने पडलंय असं सगळे धरून चालतात. चौकोनी ८०० मध्ये मला आधी वरून आलेल्या पाण्याचा संशय येतो.

एक झारी घ्या, फुलझाडांना पाणी घालतो ती. पाइप आणि प्रेशर वॉशर नको, त्याने जिथे गळत नाही तिथेही गळतं. एकजण आत टॉर्च घेऊन डॅशखाली डोकं घालून झोपेल. दुसरा बाहेरून खालून वर सरकत पाणी घालेल: आधी दाराची खालची कड, मग बिजागरांजवळ, मग वायपरखालची जाळी, शेवटी काचेचं रबर. प्रत्येक जागी पाच मिनिटं. आत पहिला थेंब कुठे दिसतो ते लिहून ठेवा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही.

गाडी आंब्याखाली होती म्हणता, तेव्हा वायपरखालच्या पन्हळीत मोहोर आणि पानांचा काला नक्की सापडेल. तो ओल धरून ठेवतो आणि खालची वाट बुजवतो. मग पाणी काठावरून आत उतरतं, खांबातून सिलमध्ये आणि जमिनीवर. दारांचंही तसंच. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला खाचा असतात. रंगवताना त्या लांबीने बुजतात आणि दार म्हणजे बादली होते. जाड केबल टायचं टोक घालून मोकळ्या करा. दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा जाड कागद ब्युटाइल टेपने चिकटवा.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्राजवळच्या गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ग्राइंडरला वायर कप लावून पत्रा चकाकला तरी ते खड्ड्यांच्या तळाशी राहतं, उलट वायर कपाने पॉलिश होऊन झाकलं जातं. म्हणून वायर कपानंतर ८० नंबरची फ्लॅप डिस्क किंवा हाताने ८० चा पॉलिश पेपर. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, ब्लोअरने वाळवा आणि रात्रभर उघडं ठेवा. सकाळी एकसारखा हलका तांबूसपणा आला तर चालतं. पण खड्ड्यांत मोहरीएवढे गडद ठिपके उमटले तर मीठ आहे, परत धुवा. प्रायमर मारल्यावर हेच ठिपके फोड होऊन वर येतात, आणि दोष बिचाऱ्या रंगाला लागतो.

रस्ट कन्व्हर्टरवर फार भरवसा ठेवू नका. ते बहुतेक वेळा फॉस्फोरिक ॲसिडचं असतं. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर ठीक, सुट्या खपल्यांवर व्यर्थ. लावल्यावर साचलेलं पुसून घ्या, डब्यावर सांगितलं असेल तसं धुवा. ॲसिड तसंच राहिलं तर वरचा इपॉक्सी पकडत नाही.

थरांचा क्रम: स्वच्छ पत्रा, त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात, मग जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मग लागेल तिथे लांबी, मग सरफेसर (रंगाखालचा गुळगुळीत करणारा थर), मग रंग. आपल्याकडे उलटं करतात. उघड्या पत्र्यावर लांबी, वर रेडऑक्साइड (तांबडा प्रायमर). लांबी ओल शोषते, रेडऑक्साइडमधून ओल आरपार जाते, म्हणजे पत्र्याला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. लांबीची जाडी ३ मिमीच्या वर नको. जास्त लागत असेल तर पत्रा ठोकून वर आणायला हवा होता.

ऑक्टोबर संपल्याशिवाय रंगाचं नाव काढू नका, आणि तेव्हाही सकाळी अकराच्या आधी नाही. पहाटे पत्र्यावर दव असतं, कधी हाताला लागतं, कधी लागत नाही. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. तेव्हा एका दिवसात जेवढं झाकता येईल तेवढंच उघडं करा. सगळी गाडी घासून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ढग आले तर काम पहिल्यापासून.

पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क त्याला काही करत नाही. नवशिक्याने बाहेरचा शेवटचा रंग बूथवाल्याला द्यावा हे माझं स्पष्ट मत. खालचं प्रायमर-सीलंट ब्रशने स्वतः करा.

नवखा_पानेवाला

खूप मदत झाली. तीन शंका. एक: सिल कापताना गाडी वाकणार नाही याची काळजी कशी घ्यायची? दोन: पत्रेकाराकडे गॅस वेल्डिंग आहे, चालेल का? तीन: छोटे पार्ट, म्हणजे बिजागरं, ब्रॅकेट, पाट्याच्या कड्या, हेही सायट्रिकमध्ये टाकू का?

पत्रेकाम

सिलचं आधी. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), घोड्या सस्पेन्शनच्या जागांखाली, मध्ये लाकडी फळी. सिलच्या जॅक पॉइंटवर नाही, तो सडलेलाच आहे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही हे सांगायला नको. दार बंद करून वर, मध्ये, खाली फट किती मिमी आहे ते मोजून टेपवर लिहून दारालाच चिकटवा. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरपा टाक्यांनी पक्का करा. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचंही एका वेळी फूटभरच कापायचं. बाहेरचा पत्रा काढला की आतली पट्टी बघा. ती गेली असेल तर आधी ती. दुसरी बाजू पहिली पूर्ण झाल्याशिवाय नाही. नवा तुकडा नुसत्या टाक्यांवर असतानाच पाइप आड येत नसेल तर दार लावून फटी परत मोजा, २ मिमीहून जास्त फरक आला तर टाके कापा. पूर्ण वेल्ड झाल्यावर कळून उपयोग नाही.

गॅस वेल्डिंग: जुने कसबी कारागीर गॅसवर सुंदर काम करतात, त्याबद्दल वाद नाही. पण आच पसरते, सपाट पत्रा लाटेसारखा वर येतो आणि आजूबाजूचा रंग-सीलंट जळतं. जमिनीला चालून जाईल, दार आणि बाहेरच्या पत्र्याला नको. मिगवाला (गॅसच्या आडोशात तारेने विजेचं वेल्डिंग करणारा) शोधा: ०.८ मिमी तार (०.६ मिळाली तर उत्तम), आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस. बिनगॅसच्या तारेचं मशीन स्वस्त मिळतं, पण पातळ पत्रा जाळतं. साधं दांडीचं आर्क वेल्डिंग या पत्र्यावर अजिबात नाही.

पद्धत अशी की सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये. ३० मिमी अंतराने टाके झाले की हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, मग मधल्या जागा. पाण्याने गार करू नका, पत्रा आक्रसतो. पॅचचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. माप घ्यायला जुन्या कॅलेंडरचा जाड कागद भोकावर धरून कड कोळशाने घासून घ्या. जमिनीला आच्छादून जोड करणार असाल तर वरच्या पत्र्याला ३५ मिमी अंतराने ६ मिमीची भोकं पाडून त्यातून वेल्ड, दोन्ही पत्र्यांच्या आतल्या तोंडांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी सीलंट. मधली फट उघडी राहिली तर तुमचा पत्रेकार म्हणत होता तेच आपण जास्त पैसे देऊन केलं असं होईल.

तुमची वाटणी अशी करा: खरवडणं, पाहणी, मापं, कापणं, घासणं तुमचं. टाके त्याचे. प्रायमर, सीलंट, वॅक्स परत तुमचं. पत्रेकाराचा बहुतेक वेळ घासण्यातच जातो आणि घाईत राहून जातं तेही घासणंच.

वेल्डिंगच्या दिवशी टाकी खाली, बॅटरी बाहेर, सीटचे फोम आणि वायरिंग बाजूला, पाण्याची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. पोकळीत धुमसणारं डांबर उशिरा पेट घेतं.

कार्बो_कोल्हापूर

तिसऱ्या शंकेचं मी सांगतो. बिजागरं, ब्रॅकेट, नट-बोल्ट सायट्रिकमध्ये बिनधास्त टाका. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, आधी ग्रीस काढून, १२ ते २४ तास. मधे एकदा काढून ब्रशने घासा. आठवडाभर विसरलात तर चांगलं लोखंडही खातं.

पाटे आणि कडक स्प्रिंग मात्र ॲसिडमध्येही नको आणि बॅटरी चार्जर लावून करतात त्या विजेच्या पद्धतीतही नको. दोन्हीत हायड्रोजन तयार होतो, कडक पोलादात शिरतो आणि पाटा नंतर भाराखाली काचेसारखा तुटू शकतो. पाटे वायर ब्रशने घासा, मध्ये ग्रीस लावा. कड्यांच्या पिना आणि रबरी बुश नवे टाका.

विजेची पद्धत ब्रॅकेटसाठी करायचीच असेल तर प्लास्टिकची बादली, पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, निगेटिव्ह तुमच्या पार्टला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडी सळईला. स्टेनलेस स्टीलचा चमचा-पळी पॉझिटिव्हला लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर, घरात नाही.

भंगार_वाटाड्या

पार्टबद्दल. १९८६ मध्ये ८०० चं नवं गोलसर मॉडेल आलं, एसबी३०८. दुकानदाराला नुसतं "८०० चं दार" म्हणालात तर तो तेच दाखवेल. तुमच्या गाडीला त्याचं दार, बोनेट, काच, दिवे यातलं काहीच बसत नाही. म्हणून चौकोनी गाडीची पुढची काच, दिव्यांची घरं, ग्रिल, डिकीचं झाकण हे जिवापाड जपा. गंजलेला पत्रा बनवता येतो, काच बनवता येत नाही. दगड झालेलं रबर काढताना काच वाचवायची असेल तर रबर आतून बाहेर ढकलत बसू नका, ब्लेडने बाहेरची कड कापून काढा. रबर नवंच टाकायचंय ना.

इंजिनची बाजू सोपी. ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन नंतरच्या ८०० मध्ये आणि ओम्नीमध्येही होतं, त्यामुळे बेल्ट, फिल्टर, प्लग, गॅस्केट सहज मिळतं. तरी जुना पार्ट पिशवीत घालून बरोबर न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यातली नाना पेठ आधी पालथी घाला. चौकोनी गाडीचा बाहेरचा पार्ट हवा असेल तर दिल्लीच्या मायापुरीत विचारणा करावी लागते, तीही फोटो आणि मापांसकट.

उघडताना प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या दुधाच्या पिशवीत, आत कागदावर जागा लिहून. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या गाड्या पोत्यात भरून विकल्या जातात.

आरसी_पुस्तक

हातोडी उचलण्याआधी कागद बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सहा वर्षं उभी म्हणजे मुदत संपलेली असू शकते. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलंय, उशिराचा दंड वेगळा, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हा आकडा आरटीओतून आजच्या तारखेला काढून घ्या आणि पत्र्याच्या खर्चाच्या वर मांडा. "व्हिंटेज करून घेऊ" असं कुणी सुचवेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमची २०३५ ला. आणि त्या नंबरवर रोजची वापराची गाडी चालवता येत नाही.

चासी नंबर खोदलेला पत्रा घासायचा नाही, कापायचा नाही, त्यावर लांबी तर नाहीच. तपासणीला त्याचा पेन्सिलने छाप घेतात. तिथे चिकटपट्टी लावून ठेवा, पत्रेकाराला हात धरून दाखवा. रंग बदलणार असाल तर तीही नोंद आरसीवर लागते. मूळ रंग ठेवलात तर तेवढा एक खेटा वाचेल.

नवखा_पानेवाला

झारीची चाचणी केली. दाराकडून काही नाही. वायपरखालच्या जाळीवर पाणी घातल्यावर दोन मिनिटांत डाव्या बाजूला, डॅशखाली खांबाच्या मुळाशी थेंब. उजवीकडे काचेच्या खालच्या कोपऱ्यातून ओघळ. पाट्यांची जागा ठोकली: उजवी टण, डावीकडे दोन फुल्या, चौकोन नाही. शॉकअपची डोकी दोन्ही ठीक. क्रँक पुली आज केसभर हलली. आता जाळीखालचं कसं उघडू?

खारा_वारा

वायपरचे हात काढा, जाळी काढा. आतला काला हाताने काढा, पाण्याने ढकलू नका, तो खाली जाऊन वाट आणखी घट्ट बुजवतो. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन डाव्या टोकाला बघा, दोन पत्र्यांच्या जोडातलं कारखान्याचं सीलंट तडकलेलं दिसेल किंवा जोडाशेजारी भोक. नुसतं तडकलं असेल तर जुनं खरवडून, घासून, इपॉक्सीचे दोन हात आणि पीयू सीलंट ब्रशने आत खोल दाबून. भोक असेल तर पत्रेकारासाठी खूण करा. हे पायाखालच्या पॅचच्या आधी, नंतर नाही. उजव्या कोपऱ्यासाठी काच उतरवावीच लागेल. रबराखालच्या गाळ्यात गंज असणार, तो साफ करून प्रायमर झाल्याशिवाय नवं रबर बसवू नका.

सगळं बंद झालं की पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (आत फवारायचं गंजरोधक मेण). सिलच्या आतल्या बाजूच्या रबरी बुचांतून ३६० अंशांत फवारणारी नळी टोकापर्यंत घाला आणि फवारत मागे ओढा, एका सिलला पाव लिटर. खालच्या निचऱ्याच्या खाचांतून वॅक्स ठिबकलं की पोचलं असं समजा. नंतर त्या खाचा केबल टायने परत मोकळ्या करा. कुणी स्वस्तात म्हणून जळकं इंजिन ऑइल मारायला सांगेल. ते रबरी बुश फुगवतं आणि ब्रेकच्या लायनरवर उडतं, शिवाय एका पावसात धुऊन जातं.

डाव्या पाट्याच्या जागेच्या दोन फुल्यांचा फोटो टाका, घासल्यानंतरचा, शेजारी मोजपट्टी धरून.